प्रागैतिहासाचे वाचन आणि आपली भूमिका

प्रागैतिहासिक काळाचे संशोधन हा आपल्या चळवळीच्या जिव्हाळ्याचा विषय आहे, असे सहसा कोणी मानत नाही. आपली चर्चा वेदांपासून सुरू होते, मनूपाशी तापते आणि पेशवाईत येऊन स्थिरावते. त्याच्या आधीचा जो प्रचंड काळ मातीखाली पडून आहे, तो आपण पुरातत्त्वज्ञांच्या हवाली करून मोकळे झालो आहोत. मला हे धोक्याचे वाटते. गेल्या काही वर्षांत हाडे, खापरे आणि दात यांच्या आधाराने जे बोलले जात आहे, ते आता हाडांपुरते राहिलेले नाही. या देशात पहिला कोण, बाहेरचा कोण, जात केव्हापासूनची, गाय केव्हापासून पवित्र, या प्रश्नांची उत्तरे पोथीऐवजी प्रयोगशाळेच्या नावाने दिली जाऊ लागली आहेत. पोथीला नकार देण्याची आपल्याला सवय आहे. प्रयोगशाळेचे नाव निघाले की मात्र आपण एकतर गप्प बसतो, नाहीतर सोयीचे तेवढे उचलून घोषणा तयार करतो. या दोन्ही प्रवृत्तींची तपासणी येथे करायची आहे; दुसरीची अधिक, कारण ती आपली आहे.

मी इतिहासाचा नव्हे, मराठीचा शिक्षक आहे. माझे काम वाचनाचे. पण उत्खननाचा अहवाल हीही एक संहिताच असते. खड्ड्यात सापडते ती भिंत, चूल, कवटी. तिला ‘प्रमुखाचे घर’, ‘कारागिरांची वस्ती’, ‘मातृदेवता’ ही नावे देतो तो लेखक. वस्तू मुकी असते आणि तिला बोलते करणारी भाषा कोणाच्या तरी संस्कारातून आलेली असते. दलित समीक्षेने मराठी कादंबरीला जो प्रश्न विचारला, तो अहवालालाही विचारला पाहिजे: हे कोण बोलतो आहे, आणि कोठे उभा राहून?

महाराष्ट्रातले सर्वांत मोलाचे उदाहरण इनामगावचे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे गाव आहे. (गावाच्या नावातच इनाम. ज्यांच्या वाट्याला महारवतन आले त्यांच्या नातवंडांना हे नाव वाचताना थोडे हसू येणारच.) पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारापासून इ. स. पूर्व ७०० पर्यंत येथे शेतकऱ्यांची वस्ती होती. सव्वाशेहून अधिक घरे आणि दोनशेहून अधिक दफने उजेडात आली. एका खेड्याचे इतके संपूर्ण चित्र देणारे उत्खनन भारतात फार थोडे झाले आहे, आणि या अभ्यासकांनी ते ज्या चिकाटीने केले त्याबद्दल आदर बाळगूनच पुढचे लिहितो आहे.

या लोकांनी लहान मुले कशी पुरली ते पाहा. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत बाळ, आणि हे सारे राहत्या घराच्या जमिनीखाली. पुरलेल्यांत बहुसंख्य मुलेच आहेत. म्हणजे त्या आया ज्या जमिनीवर चूल पेटवीत, त्याच जमिनीखाली त्यांची लेकरे होती. प्रौढांना उत्तरेकडे डोके करून उताणे पुरीत आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडीत. मेलेला माणूस भूत होऊन निघून जाऊ नये म्हणून पाय तोडले, असे स्पष्टीकरण दिले जाते. ते खरे असेल. पण ते स्पष्टीकरण मातीतून निघालेले नाही, आजच्या लोकसमजुतीवरून मागे नेलेले आहे, एवढे लक्षात ठेवावे. एका माणसाचे पाय मात्र तोडलेले नाहीत. चार पायांच्या, कच्च्या मातीच्या मोठ्या रांजणात त्याला बसवून पुरले आहे. तो वस्तीचा प्रमुख असावा, असे अभ्यासक म्हणतात. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार सापडले. कुंभार, सोनार, चुना भाजणारा, हस्तिदंताचे काम करणारा यांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला होती. ढवळीकरांनी यावरून विषमता असलेल्या, प्रमुखाच्या सत्तेखालच्या समाजाची मांडणी केली.

ही मांडणी मला बऱ्याच अंशी पटते. खटकते ते तिचे पुढे जे होते ते. वर्गात, परीक्षेच्या पुस्तकात, भाषणात ही मांडणी उतरते तेव्हा ‘मध्यभागी प्रमुख, कडेला कारागीर’ या वाक्याचे रूपांतर पाहता पाहता ‘गावगाडा तीन हजार वर्षांपूर्वीही होता’ या वाक्यात होते. मग तिसरे वाक्य कोणाला तरी सुचतेच: जात ही या मातीचीच रीत आहे. पुरावा मात्र एवढेच सांगतो की काही लोक मोठ्या घरात राहत, धान्य एका ठिकाणी साठवले जाई आणि भट्टीचे काम करणारे वस्तीच्या कडेला राहत. भट्टी घरांपासून दूर ठेवण्याला धुराचे आणि आगीचे कारण पुरेसे आहे. कडेला राहणे आणि गावकुसाबाहेर राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक ज्याच्या घराने कुसाबाहेरचे जगणे भोगले आहे त्याला सांगावा लागत नाही. त्या रांजणातल्या दफनासारखे अपवाद सोडले तर इनामगावात पुरण्याची रीतही साधारण एकच दिसते. कोणाचा मृतदेह विटाळाचा होता, कोणाच्या पाण्याला स्पर्श चालत नव्हता, असे सांगणारी एकही खूण तेथे नाही. विषमता आहे, अस्पृश्यता नाही. या दोन शब्दांमधले अंतर पुसून टाकणे हा जातीला निसर्गाचे रूप देण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

आता ताटाकडे येऊ. गहू, सातू, डाळी, तीळ यांच्याबरोबर इनामगावात गुरे, म्हैस, शेळी, मेंढी, कुत्रा, डुक्कर, सांबर, चितळ, काळवीट, ससा, मासे, कासव यांची हाडे सापडली. त्यांपैकी कित्येक हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत. एनसीईआरटीच्या सहावीच्या जुन्या इतिहासाच्या पुस्तकात ही यादी होती. ते पुस्तक २०२४ मध्ये बदलले. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अन्टचेबल्स’ या ग्रंथात गोमांसभक्षण आणि अस्पृश्यता यांचा संबंध मांडला, तेव्हा त्यांच्यापुढे इनामगाव नव्हते. त्यांनी धर्मग्रंथांतूनच दाखवून दिले की गाय खाणे ही एके काळी सर्वांचीच रीत होती आणि तिचा त्याग ही नंतरची, राजकीय हेतूने घडलेली गोष्ट आहे. घोडकाठच्या हाडांनी त्या मांडणीच्या पूर्वार्धाला मातीतला आधार दिला आहे. महाराष्ट्रात २०१५ साली गोवंशहत्याबंदीचा कायदा लागू झाला, तेव्हा ‘आपली हजारो वर्षांची परंपरा’ हे शब्द फार ऐकू आले. शिरूर तालुक्यातल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची साक्ष त्या गदारोळात कोणी काढल्याचे मला आठवत नाही. आपणही काढली नाही.

दायमाबादविषयी थोडक्यात. सध्याच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी १९७४ साली एका भिल्ल माणसाला झुडपाची मुळे खणताना ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या: बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळे मिळून साठ किलोंहून अधिक वजन. त्या सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळातल्या की बऱ्याच नंतरच्या, यावर विद्वानांत एकमत नाही. काही अभ्यासकांनी तर त्यांच्या प्राचीनतेविषयीच शंका घेतली होती. वाद विद्वानांनी करावा. माझे लक्ष दुसरीकडे जाते. ज्या समाजातल्या माणसाच्या हाताने हा ठेवा वर आला, त्याच समाजाच्या झोपड्या, चुली आणि शिकारीच्या पद्धती पुढे तुलनेसाठी वापरल्या जातात. आजच्या आदिवासी पाड्यावरून अश्मयुगातली वस्ती कल्पायची, ही पद्धत आपल्या पुरातत्त्वात रुळलेली आहे. तिचा काही उपयोग आहे, हे नाकारत नाही. पण जिवंत, रेशनकार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ‘आदिम’ म्हणून काळाच्या बाहेर उभे करण्याची किंमत त्यालाच द्यावी लागते. पनवेल-उरणच्या डोंगराकडेच्या कातकरी वाड्या कालच्या नव्हेत, आजच्या आहेत. त्यांची दैनावस्था वनखात्याने, सावकाराने आणि वीटभट्टीने घडवलेली आहे, अश्मयुगाने नव्हे.

या बाबतीत दामोदर कोसंबी वेगळे उठून दिसतात. गणिताचा हा प्राध्यापक पुण्याभोवतीच्या टेकड्या तुडवीत सूक्ष्म अश्मास्त्रे वेचत असे आणि धनगरांच्या वाटा, गावदेवींची ठाणी यांच्याशी त्यांची सांगड घालीत असे. ‘मिथ अँड रिअॅलिटी’ हा त्यांचा ग्रंथ १९६२ सालचा. त्यांनाही ‘अवशेष’ या कल्पनेचा मोह आवरला नाही, पण देवळाबाहेरच्या शेंदूर फासलेल्या दगडाला संस्कृत पोथीच्या बरोबरीचा पुरावा मानणारा माणूस आपल्या विद्यापीठांना त्याआधी क्वचितच मिळाला होता.

आता ज्या शोधावर सर्वाधिक धुरळा उडाला त्याकडे वळतो. राखीगढी हरियाणात आहे, पण त्या उत्खननाचे नेतृत्व करणारे वसंत शिंदे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे, म्हणून आपल्याला ते परके नाही. २०१९ च्या सप्टेंबरात ‘सेल’ या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. एकसष्ट नमुने तपासल्यावर एकाच स्त्रीच्या सांगाड्यातून वाचता येण्याजोगा डीएनए मिळाला. सिंधू संस्कृतीच्या भरभराटीच्या काळातली ही स्त्री. तिच्यात मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नाही. वार्ताहर परिषदेत यावरून सांगण्यात आले की आर्यांचे आगमन झालेच नाही. बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातही पुढे हा निष्कर्ष शिरला.

साधा तर्क करू. एखाद्या घरात पाहुणा संध्याकाळी आला की नाही, हे ठरवायला दुपारचे छायाचित्र दाखवून चालेल काय? ज्यांच्या आगमनाचा प्रश्न आहे ते इ. स. पूर्व २००० नंतरचे. ही स्त्री त्यांच्या कितीतरी आधी मेलेली. तिच्यात तो अंश नसणे हे अपेक्षितच आहे. त्याच आठवड्यात ‘सायन्स’ या नियतकालिकात दुसरा, पाचशेहून अधिक प्राचीन माणसांच्या डीएनएवर आधारलेला निबंध आला. इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात गवताळ प्रदेशातल्या लोकांचा अंश दक्षिण आशियात आला आणि तो विशेषतः उत्तरेतल्या पुरोहित जातींत तुलनेने अधिक आढळतो, असे तो निबंध म्हणतो. या दुसऱ्या निबंधाच्या लेखकांत वसंत शिंदे आणि नीरज राय ही पहिल्या निबंधातली नावे आहेत. निबंधात एक आणि ध्वनिक्षेपकापुढे दुसरे, असा हा प्रकार. विज्ञानाची अशी अवहेलना विज्ञानाच्या शत्रूंनीही क्वचित केली असेल.

प्रस्थापितांवर टीका करणे सोपे आहे, टाळ्याही मिळतात. पण त्या आठवड्यात आपल्या बाजूने काय झाले? आपल्या कार्यकर्त्यांनी दुसरा निबंध उचलला आणि ‘ब्राह्मण परके हे विज्ञानाने सिद्ध झाले’ अशी पत्रके निघाली. माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, म्हणजे आपण मूळचे हे आता पक्के झाले ना?” त्याच्या डोळ्यांत जो आनंद होता तो मला समजतो. ज्याला पिढ्यान्पिढ्या बाहेर ठेवले, त्याला ‘तूच घरमालक’ म्हणणारा कागद मिळाला तर तो छातीशी धरणारच. आपल्या कवितेने आणि शाहिरीने अनार्य, नाग, द्रविड, भूमिपुत्र ही जी प्रतिमासृष्टी उभी केली, तिने एका काळी अपमानित माणसाला ताठ उभे केले, हे तिचे ऐतिहासिक कार्य आहे. मात्र प्रतिमा ही प्रतिमा म्हणूनच वाचावी लागते. तिचा सातबारा करायला गेलो की ती आपल्यावरच उलटते.

कारण तोच निबंध आणखी एक गोष्ट सांगतो. आज या उपखंडात राहणारे जवळजवळ सारेच समाज मिश्र आहेत. ब्राह्मण मिश्र, मराठा मिश्र, महार मिश्र, भिल्ल मिश्र. प्रमाण कमीअधिक, एवढेच. राखीगढीची ती स्त्रीही दोन प्रवाहांच्या मिश्रणातली आहे, आणि तिचा वंश आज सर्व जातींत पसरलेला आहे. सर्वांत जुना प्रवाह घ्यावा तर तोही आफ्रिकेतून आलेला. शुद्ध मूळ रक्त शोधणाऱ्याला येथे काहीही सापडणार नाही. आणि सापडले असते तरी? ‘जो आधी जन्मला त्याचा हक्क मोठा’ हा विचार कोणाचा आहे, हे आपण नीट आठवावे. जन्मावरून माणसाचे मोल ठरवणारी व्यवस्था नाकारून आपण चळवळीत आलो. तीच व्यवस्था उलटी करून भिंतीवर टांगली तर खिळा तोच राहतो.

येथे एक अडचण टाळता येत नाही. आपल्या मंडपात जोतिराव आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी शेजारी शेजारी असतात, पण आर्यांच्या प्रश्नावर दोघे एक नाहीत. जोतिरावांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त अवतारकथा उलट्या वाचून त्यांतून परकीयांच्या स्वाऱ्यांचा इतिहास काढला आणि बळीराजाला त्याचे राज्य परत दिले. बाबासाहेबांनी १९४६ च्या शूद्रांवरील ग्रंथात आर्य वंशाचा आणि त्याच्या स्वारीचा सिद्धान्त फेटाळला, आणि १९४८ च्या ग्रंथात नाकाच्या मापांचे आकडे घेऊन दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळे वंश ठरत नाहीत. वंशाच्या आधारावर अस्पृश्यतेचा उगम सांगता येत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. आजचे संशोधन बाबासाहेबांना स्थलांतराच्या मुद्द्यावर अनुकूल नाही, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. आणि जातींना वेगळे वंश मानता येत नाहीत या मुद्द्यावर ते त्यांच्या बाजूला झुकते, हेही तितक्याच ठामपणे म्हटले पाहिजे. जोतिरावांच्या मांडणीचे बळ कवट्यांच्या मापात कधीच नव्हते. ज्याला दैत्य म्हटले तो न्यायी राजा असू शकतो, हा त्यांचा शोध कुठल्याही प्रयोगशाळेच्या निकालावर अवलंबून नाही. दोघांना एकाच घोषणेत कोंबणारे दोघांनाही वाचत नाहीत.

मग या हाडांतून आपल्या हाती काय येते? माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष ‘कोण आले’ याविषयीचा नाही, ‘मिसळणे केव्हा थांबले’ याविषयीचा आहे. २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबीतील आणि हार्वर्डमधील संशोधकांनी भारतातल्या ७३ समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथे सरमिसळ मोठ्या प्रमाणावर झाली, अगदी एकाकी मानल्या जाणाऱ्या समूहांपर्यंत ती पोचली, आणि नंतर समूह आपापल्यातच विवाह करू लागले, असे त्यात दिसले. २०१६ साली पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या संस्थेतील संशोधकांनी दुसऱ्या पद्धतीने हिशेब केला. वरच्या जातींमध्ये सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी ही दारे बंद झाली, म्हणजे साधारण गुप्तकाळात, असे त्यांचे अनुमान आहे.

आता १९१६ सालचा कोलंबिया विद्यापीठातला तो निबंध आठवा. पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी तेथे म्हटले होते की जातीचे सार अंतर्विवाहात आहे, आणि मुळात एकजिनसी संस्कृती असलेल्या, मिसळलेल्या समाजावर ही बंदी लादली गेली. मिसळणे आधी, बंदी नंतर. पुढे त्यांनी अस्पृश्यतेचा जन्म इ. स. ४०० च्या सुमाराचा मानला. सत्तर पिढ्यांचा हिशेब आणि हा सन यांत जे साम्य दिसते त्याने हुरळून जाऊ नये. एका पिढीची वर्षे किती धरायची यावर सारे गणित हलते, अंतर्विवाह म्हणजे अस्पृश्यता नव्हे, आणि बाबासाहेबांच्या ग्रंथाला रक्तचाचणीच्या प्रमाणपत्राची गरज नाही. तरीही मूळ गोष्ट उरतेच. जातीला वय आहे. तिच्या आधी या देशात माणसे हजारो वर्षे राहिली, शेती केली, मेली, पुरली गेली, एकमेकांत मिसळली. जात अनादि असल्याचा दावा जर कोठे खोटा पडला असेल तर तो आपल्या प्रत्येकाच्या पेशीत. हा मुद्दा ‘आम्ही पहिले’ या घोषणेपेक्षा कितीतरी स्फोटक आहे, आणि आपल्या सभांत तो जवळपास ऐकूच येत नाही. त्याला कारण आहे. ‘आम्ही पहिले’ म्हणण्यासाठी काही बदलावे लागत नाही. अंतर्विवाह हे जातीचे मूळ म्हटले की प्रश्न आपल्या घरच्या लग्नपत्रिकेपर्यंत येतो, पोटजातीपर्यंत येतो.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. भूतकाळ जपायचा म्हणजे कोणाचा, हे ठरवणाऱ्या याद्या असतात. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पे गावकऱ्यांच्या पायांखाली पिढ्यान्पिढ्या होतीच. अभ्यासकांनी ती शोधून नोंदवली आणि २०२२ साली कोकण-गोव्यातली नऊ ठिकाणे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीच्या हत्तीच्या पोटात कोरलेले प्राणी पाहिले की आजच्या कोकणाहून वेगळेच कोकण डोळ्यांपुढे येते. त्याच यादीतल्या बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी मातीपरीक्षण सुरू झाले तेव्हा, २०२३ च्या एप्रिलमध्ये, गावच्या बाया उन्हात आडव्या पडल्या. यादीत नाव असूनही ही गत.

मी उलव्यात राहतो. येथली टेकडी सुमारे नव्वद मीटर उंच होती. ती सुरुंगांनी फोडून सपाट केली, उलवे नदीचे पात्र वळवले, दहा गावठाणे उठवली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे विमानतळाचे उद्घाटन झाले. टेकडीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच लाव्ह्याच्या थरांमध्ये वरळीला बेडकांचे जीवाश्म सापडले होते आणि १८४७ सालीच लंडनच्या ओवेनने त्यांचे वर्णन केले होते. लंडनपर्यंत बेडूक पोचला. वाघिवलीवाड्याची केरूमाता मात्र कोठेच पोचली नाही. आगरी-कोळी ज्या ठिकाणी केरूमातेला पूजत, ती प्राचीन बौद्ध लेणी आहेत, असे सांगून येथल्या बौद्ध कार्यकर्त्यांनी ती वाचवण्यासाठी धडपड केली. ती कोणत्याही संरक्षित यादीत नव्हती. आज तेथे विमानतळाची जमीन आहे.

त्या धडपडीत आगरी आजीची केरूमाता आणि बौद्ध तरुणाचे लेणे एकाच दगडात होते. हा दगड मुळात कोणाचा, यावर दोघांनी भांडावे असे सांगणारे तेव्हाही होते. त्या आजींना केरूमातेविषयी काय काय ठाऊक आहे, कोणत्या दिवशी नैवेद्य जाई, पाणी कोठून येई, आतल्या भिंतीवर काय होते, हे अजून विचारता येते. माझ्या वर्गातल्या दोन मुलींनी वह्या घेऊन तेवढे काम सुरू केले आहे. एक आगरी आहे, दुसरी बौद्ध. गावठाणे विखुरली आहेत, म्हणून एकेक आजी शोधायला रिक्षाचे पैसे फार जातात.